कुंदाचा फॉर्म मी भरतो

८ मार्च, शनिवार

आज पुन्हा तो एकवीस प्रश्नांचा कागद. धरमपेठेतला दवाखाना, बाकावर आम्ही दोघं, कुंदाच्या मांडीवर पॅड अन् हातात पेन. गेल्या आठवड्यात हे तुम्हाला किती लागू होतं? अजिबात नाही तर शून्य, जवळजवळ सतत तर तीन. आकड्याला गोल करायचा, बस्स. वीस मिनिटं झाली, एक गोल नाही. नुसत्या नजरेनं ब्लाउजचं माप सांगणारी बाई ही.

"तुम्हीच भरा ना," म्हणे. "तुमाले सवय आहे."

आहेच सवय. बावीस वर्षांची मास्तरकी, त्यातली निम्मी असल्याच कागदांत गेली. शाळाबाह्य मुलं किती, घरी संडास आहे का, मतदार जिवंत आहे का. पेन घेतलं अन् भरला.

पण खरा नाही भरला. मागच्या महिन्यात पहिल्यांदा आलो तेव्हा तिथल्या मदतनीस मुलीनं विचारून विचारून भरला होता. त्रेसष्टपैकी बावन्न. जगण्यात काही अर्थ नाही असं वाटतं का, या प्रश्नाला तीन. डॉ. बाई म्हणाल्या, हा आकडा असाच राहिला तर काही दिवस भरती करावं लागेल. बाहेर आल्याबरोबर कुं.नं माझी बाही धरली. "मले तिथं ठेवू नका. काई बी करा, पण ठेवू नका." मी हो म्हटलं. पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं काही मागितलंच नाही कधी. हे मागितलं.

म्हणून आज त्या प्रश्नाला एक. बाकीचेही थोडे थोडे खाली आणले. एकूण त्रेचाळीस.

डॉ. बाईंनीच सांगितलं होतं, घरी कशा वागतात ते रोज दोन ओळी लिहून ठेवा. शाळेची जुनी डायरी काढली. इथं खरं लिहीन.


११ मार्च

आंघोळ नाही, चौथा दिवस. सकाळी कूस बदलून भिंतीकडे. दुपारी शाळेतून आलो तर तीच कूस.

मशीनजवळची पिशवी फुगून आहे. अठरा ब्लाउजपीस, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली तिच्या अक्षरात. लग्नसराई तोंडावर. आज तिघी येऊन गेल्या. दारातच सांगितलं, टायफॉइड झाला. एक म्हणे, मागच्या महिन्यात बी टायफॉइडच होता ना सर? म्हटलं, उलटला. काय करू! झाकली मूठ सव्वा लाखाची.

सगळे विचारतात, कारण काय? कोणी गेलं का, भांडण झालं का? नाही ना बापा. काहीच झालं नाही. दिवाळीनंतर हळूहळू तिच्यातली तीच कमी होत गेली. कारण असतं तर कारणाशी भांडलो असतो.


१५ मार्च

कुं.नं चहा केला! स्वतः उठून. साखर विसरली, मी तसाच प्यायलो अन् मस्त झाला म्हटलं. ती पाहत राहिली माझ्याकडे.

मनात लगेच हिशेब: उत्साह वाटत नाही, या प्रश्नाला दोन करता येईल. एका चहावर. एवढा मी भिकारी झालो.


२२ मार्च, शनिवार

फॉर्म घरूनच भरून नेला. खरं तर शाळेतून. कोऱ्या कागदाची झेरॉक्स काढून ठेवली होती, स्टाफरूममध्ये सर्वेक्षणाच्या गठ्ठ्याआड ठेवून भरला. आपलं जुनं शास्त्र आहे त्याचं. सलग चार उत्तरं सारखी नको, संशय येतो. सगळंच एकदम सुधारलं असं दाखवायचं नाही. एखादा आकडा वाढवायचा सुद्धा. 'तोंडाला कोरड पडते' एकाचं दोन केलं, औषधानं पडतेच म्हणतात. बेरीज तेहतीस.

डॉ. बाई खूश. बाहेर माणसं उभ्यानं थांबली होती, तरी त्यांनी कुं.ला विचारलं, "काय कुंदाताई, जरा बरं वाटतंय ना?"

कुं. माझ्याकडे बघून म्हणाली, "हाव."

तिनं स्वतः हाव म्हटलं. मी बोलायला लावलं नाही. स्कूटीवर येताना गाणं गुणगुणलो, लक्षात आल्यावर बंद केलं.


२७ मार्च

वानखेडे सर अन् मी एकाच वॉर्डात. नवं सर्वेक्षण, घरटी तीन पानं. मी पिशवी घेऊन निघालो तर म्हणे, "काहून उन्हात मरतं गा मेशराम? बस इथं. मागच्या साली जे होतं त्यात दोन-चार इकडचे तिकडं कर. कोण पाहून राहिलं?"

"अन् एखाद्या घरी खरंच काही झालं असेल तं?"

"तं त्यायचं त्यायले माहीत. आपल्याला कागद पाहिजे."

बसलो. दोन तासांत चाळीस घरं भरली. हात आपोआप चालतो. कोणाच्याच दारात गेलो नाही.


३० मार्च

कुं.च्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. वजन केलं, साडेसहा किलो कमी. वरणभात केला होता, चार घास. पाचवा मी हातानं दिला तर गिळला, पण डोळ्यांतून पाणी. म्हणे, "तुम्ही कायले एवढं करून राहिले?"

चिडलो मी. हो, चिडलो. म्हटलं, "मग कोण करंल वं? तू तं पडून आहेस." बोलून गेलो अन् स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिनं ताट हलकेच बाजूला सरकवलं. पूर्वीची कुं. असती तर ताट आपटलं असतं.


५ एप्रिल, शनिवार

बावीस.

या वेळी बाकावरच भरला, कुं.च्या शेजारी. डॉ. बाईंनी कॉम्प्युटरवर रेघ दाखवली. बावन्न, त्रेचाळीस, तेहतीस, बावीस. कशी घरंगळत खाली आली होती रेघ! "इतका चांगला रिस्पॉन्स कमी पाहायला मिळतो," म्हणाल्या. संध्याकाळची गोळी अर्धी केली. आता पंधरा दिवसांनी नको, महिन्यानं या. ३ मे.

गोळी अर्धी केली तेव्हा बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलं बी होतं. पण कुं. बाजूला होती अन् मी तिला शब्द दिला होता. अन् दुसरं खरं सांगू? ती रेघ मलाही खरी वाटली. मीच काढली अन् मलाच खरी वाटली.

रेघेचा फोटो श्वेताला पाठवला. पोरगी पुण्यात एकटी, काळजीनं अर्धी झालेली. तिचा लगेच फोन, "बाबा, ग्रेट! मी ऑफिसात रडले खुशीनं." आता तिला काय सांगू?


१० एप्रिल

अर्धी गोळी सुरू झाल्यापासून झोप अजून कमी. दुपारी चारला शाळेतून आलो. पाटावर बसलेली, तोंड भिंतीकडे, कूलर बंद. खोली तापलेली.

"कूलर काहून बंद केला वं?"

"आवाज नको वाटते."

"काय पाहून राहिली?"

"काही नाही."

भिंतीवर खरंच काही नव्हतं. मी पण बसलो बाजूला. दहा मिनिटं बसवेना मला.


१४ एप्रिल, सोमवार



जयंती. दरवर्षी सकाळी पांढरं लुगडं नेसून गल्लीतल्या बायांना गोळा करणारी कुंदाच असायची. वंदना सुरू करायची तिनं, मग बाकीच्यांनी. आज म्हणाली, तुम्ही जाऊन या. गेलो. बाया विचारत होत्या, कुंदाताई कुठं? ताप आहे म्हटलं. मला स्वतःचीच किळस आली. अकराला मिरवणूक सोडून घरी आलो.

मशीन नव्हतं.

खिडकीखालची जागा रिकामी. फरशीवर चार पायांचे चार डाग. बाजूला सगळे अठरा ब्लाउजपीस घड्या घालून ठेवलेले, चिठ्ठ्यांसकट. प्रत्येकीला परत द्यायचे म्हणून.

"मशीन कुठं आहे?"

"मागच्या गल्लीतल्या शालूले दिलं. नवीन शिकून राहिली ना ती. पोरं लावून नेलं."

"दिलं म्हंजे?"

"देऊन टाकलं. मले आता नाही लागत."

आवाज इतका शांत की मीठ संपलं म्हणून सांगावं तसा. लग्नानंतर तिनं स्वतःच्या पैशानं घेतलेली पहिली वस्तू. श्वेता त्या मशीनच्या आवाजावर झोपायची. कानातलेही डबीत काढून ठेवले होते, डबीवर 'श्वेता' लिहून.

मला कळलं. बावीस वर्षं लोकांच्या घरात न जाता त्यांची घरं भरणाऱ्या माणसालासुद्धा कळलं. मी मिरवणुकीत फिरत होतो अन् ती घर आवरत होती. कायमचं आवरत होती.

तिला घट्ट धरलं. ती तशीच, हात खाली सोडून. मी ओरडून रडलो. म्हणे, "हळू. शेजारी ऐकतील."

मग तिच्या बाजूलाच बसून राहिलो. पाणी प्यायला सुद्धा उठलो नाही.


१५ एप्रिल

रजा टाकली. वानखेडेला फोनवर सांगितलं, बायको बरी नाही. टायफॉइड म्हटलं नाही.

दवाखाना उघडल्या उघडल्या फोन लावला. रिसेप्शनवरची मुलगी गोड बोलते. "मेशराम मॅडम ना? त्यांचं तर खूप छान चाललंय सर, ग्राफ आहे ना समोर. तीन तारखेची वेळ आहे. मधात काही इमर्जन्सी आहे का?"

माझेच आकडे दारात आडवे पडले होते. म्हटलं, "नाही... हो. आहे. आकडे चुकलेत."

"कुठले आकडे सर?"

"सगळे."

तिनं फोन थेट आत दिला. डॉ. बाईंना एवढंच बोललो, तिनं वस्तू वाटायला सुरुवात केली. त्यांनी पुढचं विचारलंच नाही. दोघं आत्ताच्या आत्ता या.

बारा वाजताचं ऊन. कुं.च्या तोंडावर ओढणी बांधली, स्कूटीवर मागं बसवली अन् तिचे दोन्ही हात माझ्या पोटाशी धरायला लावले. एका हातानं तिचे हात दाबून ठेवले, दुसऱ्यानं गाडी चालवली. सिग्नलला पोलीस ओरडला. ओरडू दे.


१५ एप्रिल, पुढं

तिला बाहेर मदतनीस मुलीजवळ बसवलं अन् मी एकटा आत गेलो. सगळं सांगितलं. फॉर्म मीच भरले. पहिला सोडून सगळे. एक तर स्टाफरूममध्ये. डॉ. बाईंनी चष्मा काढला.

"सर, मी त्या आकड्यांवर गोळी कमी केली."

"हो."

"तुमच्या आकड्यांवर."

"हो मॅडम."

ही डायरी पुढं केली. उभ्यानंच पानं चाळली त्यांनी. म्हणाल्या, "इथं आंघोळ नाही, जेवण नाही, झोप नाही. अन् त्याच दिवसांत फॉर्मवर बावीस?" माझी मान खाली. माझ्या वर्गातल्या पोरांना असं उभं करत होतो मी.

मग आवाज उतरला त्यांचा. "हा फॉर्म म्हणजे काही थर्मामीटर नाही हो. काखेत धरला अन् पारा चढला असं नसतं. ती सांगेल तेवढंच त्याला कळतं. अन् चूक माझीही आहे. कागद पाहत बसले, तिच्याकडे पाहिलं नाही." डॉक्टरनं असं म्हणणं मी पहिल्यांदा ऐकलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग म्हणाल्या, आता तिलाच भरू द्या, आत, एकटीला. तुम्ही बाहेर.

पाच मिनिटांत मला आत बोलावलं. मागं वीस मिनिटांत एक गोल झाला नव्हता, आज पाच मिनिटांत एकवीस. टेबलावर कागद. डॉ. बाईंनी माझ्याकडे सरकवला.

शून्य. शून्य. शून्य. एकवीसच्या एकवीस शून्य. एकेक गोल कसा रेखलेला, जसा ती खडूनं गळा आखायची.

"कुंदाताई, हे खरं आहे?"

ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "यायले असेच लागतात. मी पाहत होती ना हे भरत तवा. मोठा आकडा असला की यायचा हात थांबे. लहान केला की त्या दिवशी हे पोटभर जेवत."

दोन महिने मला वाटून राहिलं होतं की मी तिला लपवतो आहे. ती मला सांभाळत होती. जिला स्वतःला उठून उभं राहवत नव्हतं ती. अन् माझ्या प्रत्येक खोट्या गोलातून तिला एकच कळलं असेल, की आपलं खरं या माणसाला नको आहे.

डॉ. बाईंनी कागद उलटा करून ठेवला अन् मला पुन्हा बाहेर घालवलं. पाऊण तास आत दोघीच. भरती करू म्हणाल्या, कुं. नाहीच म्हणाली, हात जोडले तिनं. शेवटी ठरलं ते असं: गोळी पूर्ववत. गोळ्या माझ्या ताब्यात. मिनिटभर एकटं सोडायचं नाही. श्वेताला बोलवा. सोमवारी परत. त्याआधी ती काही बोलली, एक शब्द जरी, तर त्यांचा मोबाइल नंबर दिला, कधीही लावा. मग म्हणाल्या, आणि सर, जगावंसं वाटतं की नाही ते विचारा तिला. सरळ विचारा. विचारल्यानं तसे विचार डोक्यात घुसत नाहीत, उलट तिला बोलायला जागा होते. फक्त उत्तर ऐकायची तयारी ठेवा.


१६ एप्रिल

श्वेताला खरं सांगितलं. "बाबा, तुम्ही मला तो फोटो पाठवला होता." एवढंच म्हणाली. रविवारी रात्री पोचते, त्याआधीचं तिकीट नाही.

मशीन परत आणायला शालूकडे जाणार होतो. गेलो नाही, कुं.ला सोडून जायचं नाही.


१८ एप्रिल

दोन दिवस विचारायचं म्हणतो. ओठावर येतं, मग भलतंच निघतं. भाजी कोणती करू? कूलर लावू का? हजारो लोकांचे प्रश्न कागदावर सोडवले मी, घरातला एक विचारता येत नाही. घाबरतो. ती तीन म्हणाली तर काय करू, याला घाबरतो. अन् ती शून्य म्हणाली तर त्याहून जास्त.

ती आंघोळीला गेली तर दाराशी उभा राहतो. "आहे ना वं?" विचारतो. "आहे," म्हणते.


२० एप्रिल, रविवार

दुपारचे तीन. जेवण झालं, तिचं नाममात्र. श्वेता गाडीत आहे, रात्री पोचते असा मेसेज आला.

पाटावर तिच्या समोर बसलो. कोरा फॉर्म होता एक, तो काढला. सुरुवातीपासून नाही, थेट त्या प्रश्नावर बोट ठेवलं. मोठ्यानं वाचला, जगण्यात काही अर्थ नाही असं वाटतं का.

ती बोटाकडे पाहत होती.

म्हटलं, "कुंदा, मले लहान आकडा नको. मी जेवीन. जो बी असंल तो सांग, मी जेवीन, तुझी शपथ."

ती म्हणाली, "खरं सांगितलं तं नेऊन ठेवसान."

नाही म्हणायला जीभ टेकली होती टाळ्याला. फेब्रुवारीत असाच शब्द देऊन बसलो अन् आगीतून फुफाट्यात आलो. म्हटलं, "हाव. नेईन. मी शब्द दिला होता, तो मोडीन. अन् तिथं बाहेर बाकावर बसून राहीन. ते हाकलतील तरी बसीन. पण नेईन."

पहिल्यांदा तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. डोळे भरले नव्हते. थकलेले होते, किती थकलेले! हे मी इतके महिने पाहिलंच नव्हतं.

कागद हातात घेतला तिनं. शून्य, एक, दोन, तीन, अशा छापलेल्या आकड्यांवरून बोट फिरवलं, तीनच्या पुढं कोऱ्या जागेत नेलं अन् तिथंच थांबवलं.

"याच्या पुढं नाही का काही?"

"नाही वं. तीनपर्यंतच आहे."

"मग तीन लिहा."

लिहिलं. डावा हात तिच्या हातात आहे, उजव्यानं डॉ. बाईंना फोन लावून राहिलो. रिंग जाते, उचलत नाहीत. रविवार आहे. पुन्हा लावतो.